खर्चाची वही आणि ताटाचा हिशेब : एचसीईएसच्या अन्न-डेटाचे परीक्षण

रेशनच्या तांदळात लोह मिसळायचे, शाळेच्या खिचडीत डाळ वाढवायची, की तेलावर जीवनसत्त्व अ चा भर द्यायचा? पोषणाचा कोणताही आराखडा घेतला तरी सुरुवातीला एकच गोष्ट कळावी लागते : लोक खातात काय आणि किती. देशभर पसरलेले, ताजे आणि एक रुपयाही न मोजता मिळणारे उत्तर आज एकाच ठिकाणी आहे. ते म्हणजे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचे घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षण, अर्थात एचसीईएस. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा लागोपाठच्या दोन फेऱ्यांचा घरनिहाय डेटा उपलब्ध आहे. जिल्हा परिषदेत, संस्थेत, विद्यापीठात किंवा बातमीदारीत तो वापरू पाहणाऱ्यांसाठी हे परीक्षण.

निकाल आधीच सांगतो. दुकानातून, शेतातून आणि रेशनमधून घरात काय आले हे पाहायला याच्या तोडीचे दुसरे साधन देशात नाही. घरात आलेले कोणाच्या ताटात किती पडले हे मात्र यातून दिसत नाही. तरीही ते दिसल्यासारखे लिहिलेले अहवाल भरपूर आहेत.

आधी पदरात काय पडते ते पाहू. पहिली फेरी ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ अशी चालली आणि तीत २,६१,७४६ कुटुंबे होती. दुसरी पुढच्या वर्षभरात झाली, कुटुंबे २,६१,९५३. प्रश्नावली तीन भागांत तोडली आहे : अन्न, इतर उपभोग्य वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू. प्रत्येक भागासाठी वेगळ्या महिन्यात भेट होते. आधी एकाच बैठकीत साडेतीनशेच्या आसपास बाबी विचारल्या जात. उत्तर देणारी बाई कंटाळायची आणि शेवटची पाने अंदाजाने भरली जायची. आता बाबी ४०५ झाल्या आहेत, पण अन्नाची भेट स्वतंत्र असल्याने तो भाग सुधारला आहे. माहिती टॅबलेटवर भरली जाते, त्यामुळे किलोच्या जागी ग्रॅम अशा ढोबळ चुका बऱ्याच प्रमाणात जागीच अडतात. सगळ्या नाही.

आठवणीचा कालावधी दोन प्रकारचा आहे. धान्य, डाळी, साखर, मीठ यांची विचारणा मागच्या ३० दिवसांची. तेल, अंडी, मासे, मटण, भाज्या, फळे, मसाले, पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांची मागच्या ७ दिवसांची. भाजी महिन्यामागे किती लागली हे कुणालाच नीट सांगता येत नाही, म्हणून हा फरक योग्यच आहे. पण त्याची किंमत विश्लेषण करताना मोजावी लागते. ज्या घराने त्या आठवड्यात मासे आणले नाहीत त्याच्या नावावर शून्य पडते. ज्याने आणले त्याचे प्रमाण ३० भागिले ७ ने गुणले जाते. राज्याची सरासरी ठीक येते, पण ‘इतके टक्के घरे मासे खातच नाहीत’ हे वाक्य या डेटावरून लिहिता येत नाही. लिहिले जाते, हा भाग वेगळा. श्रावणात भेट झालेल्या घरांवरून तर मुळीच लिहू नये. सर्वेक्षण बारा महिने पसरलेले असल्यामुळे आंबा, श्रावण, हिवाळ्यातला हरभरा हे सगळे राज्याच्या सरासरीत बसते. एका घराच्या ओळीत ते बसत नाही.

डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नोंदणी करून उतरवता येतो. फाइली लेव्हलनुसार वेगवेगळ्या आहेत : कुटुंबाची ओळख एकीत, सदस्य दुसरीत, अन्नाच्या बाबी तिसरीत. कोणता आकडा कोठे आहे हे सोबतच्या लेआउट फाइलीत पाहावे लागते. काम करायचा क्रम असा ठेवावा. आधी सगळ्या लेव्हलमध्ये सारखाच लागणारा कुटुंबाचा ओळख-क्रमांक तयार करावा. मग कुटुंबांची संख्या मोजून ती अधिकृत आकड्याशी जुळते का ते बघावे. त्यानंतर मल्टिप्लायरला (नमुन्यातले एक घर प्रत्यक्षातल्या किती घरांच्या वतीने बोलते ते सांगणारा आकडा) १०० ने भागून भार काढावा आणि ग्रामीण-शहरी दरडोई मासिक खर्च काढून पाहावा. मोफत वस्तूंची किंमत न धरता २०२२-२३ साठी तो ग्रामीण ३,७७३ रुपये आणि शहरी ६,४५९ रुपये यायला हवा. हे दोन आकडे जुळेपर्यंत कॅलरीकडे वळू नये. भार न लावता काढलेली सरासरी हा या डेटावरचा सर्वांत सामान्य घोटाळा आहे, आणि तो या एका तपासणीत पकडला जातो.

पुढचा टप्पा वस्तूंचे पोषक घटकांत रूपांतर करण्याचा. त्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे अन्नघटक कोष्टक हाताशी हवे. त्यात ५२८ खाद्यपदार्थ आणि १५१ घटक आहेत, आणि नमुने देशाच्या सहा विभागांतून घेतलेले आहेत. कोष्टक उत्तम आहे, पण एचसीईएसशी त्याची सोयरीक जुळवताना ठिकठिकाणी पाय अडकतो.

पहिला अडथळा एककांचा. कोष्टकात ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे, ती ४.१८४ ने भागायची. न भागता जोडले तर तांदळाच्या १०० ग्रॅमला ३५६ किलोकॅलरीऐवजी १,४९१ लागतात. इतकी मोठी चूक लगेच नजरेत भरते, म्हणून ती तितकीशी धोक्याची नाही. धोक्याच्या चुका बारीक असतात. सर्वेक्षणात अंडी, केळी, लिंबे, नारळ नगावर मोजले आहेत, आले-लसूण आणि मसाले ग्रॅमवर, बाकीचे किलोवर. अंड्याचा खाण्याजोगा भाग साधारण ५० ग्रॅम धरता येतो. पण केळ्याचे काय? जळगावचे केळे आणि वेलची केळे यांना एकच वजन लावले की कोकण आणि खानदेश दोन्ही चुकतात. शिवाय कोष्टकातले आकडे १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे आहेत, तर घराने विकत घेतलेल्या वजनात साल, देठ, शेंगांचे टरफल, माशाचे डोके आणि काटे सगळे असते. खाण्याजोगा भाग किती हे सांगणारा गुणक लावायचा राहिला की भाज्या आणि मासे दोन्ही फुगतात.

दुसरा अडथळा बाबींच्या यादीचा आहे, आणि तो वापरणाऱ्याच्या हाती नाही. यादीत मासळी आणि कोळंबी यांची एकच ओळ आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा गोव्याच्या घरात बांगडा, तारली, बोंबील, सुकट यांतले काय शिजले यावर कॅल्शियम, ओमेगा-३ आणि जीवनसत्त्व ड यांचा सगळा हिशेब ठरतो. सुकट अख्खीच खाल्ली जाते, सुरमईचा तुकडा तसा नाही. तीच गत पालेभाज्यांची. पालक आणि इतर पालेभाज्या एकत्र टाकल्या की मेथी, शेपू, अळू, राजगिरा, शेवग्याचा पाला हे सगळे एकाच आकड्याने मोजावे लागतात. कोष्टकात यातल्या प्रत्येकाची वेगळी नोंद आहे, सर्वेक्षणात ती सापडत नाही. त्यामुळे जीवनसत्त्व अ, फोलेट आणि कॅल्शियमचे राज्यनिहाय नकाशे पाहिले की ते लोकांच्या आहाराचे कमी आणि विश्लेषकाने निवडलेल्या ‘प्रातिनिधिक’ भाजीचे जास्त असतात. ऊर्जा आणि प्रथिनांसाठी मात्र ही अडचण फारशी जाणवत नाही, कारण त्यांचा बहुतांश भाग धान्य, डाळ, तेल, दूध यांतून येतो आणि त्या ओळी चांगल्या सुट्या आहेत. रेशनचा तांदूळ आणि बाजारचा तांदूळसुद्धा वेगळा विचारला आहे. पुढे दिसेल की हीच या डेटाची सर्वांत मोलाची बाब आहे.

तिसरा अडथळा बाहेरच्या खाण्याचा. पेये, अल्पोपहार आणि तयार पदार्थ यांवर २०२३-२४ मध्ये शहरी घरांच्या एकूण खर्चाचा ११.०९ टक्के भाग गेला. अन्नावर एकूण ३९.६८ टक्के गेला, म्हणजे अन्नखर्चाचा चौथ्या हिश्श्याहून मोठा भाग या एका गटात आहे. ग्रामीण भागात तो साधारण पाचवा हिस्सा. नेमक्या याच गटात प्रमाण सांगणारा आकडा सर्वांत कच्चा आहे. वडा, समोसा, डोसा यांचे रुपये कळतात, ग्रॅम कळत नाहीत. मग घरच्या जेवणातल्या दर कॅलरीचा खर्च काढून बाहेरच्या कॅलरीला कुणी दीडपट भाव धरतो, कुणी दुप्पट. स्टेशनबाहेरचा वडापाव आणि हॉटेलातली थाळी यांना एकच भाव लावून आलेला आकडा दशांश चिन्हानंतर दोन स्थळांपर्यंत छापण्यात काही अर्थ नाही. मीठ, ट्रान्स फॅट, साखर यांवर धोरण आखायचे असेल तर हा डेटा सोडून द्यावा.

आता जेवणांच्या दुरुस्तीकडे. हा भाग बहुतेक जण गाळतात. कुटुंबाने शिजवलेले सगळे कुटुंबाने खाल्ले असे नसते. पाहुणे, मजूर, घरकामाला येणारी बाई, पूजेचे जेवण. उलट घरातली मुले शाळेत जेवतात, कोणी कामावर जेवतो. घरी खाल्लेली, बाहेर फुकट मिळालेली, विकत घेतलेली आणि दुसऱ्यांना वाढलेली जेवणे किती, ही मोजणी सर्वेक्षणात आहे आणि ती वापरायलाच हवी. वापरली नाही तर सधन घरे दुसऱ्यांना घातलेल्या जेवणांमुळे खादाड दिसतात आणि गरीब घरे आहेत त्याहून उपाशी. पण नेहमीचे सूत्र प्रत्येक जेवण सारखेच धरते. प्राथमिक शाळेच्या पोषण आहाराचे प्रमाण ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे, उच्च प्राथमिकचे ७०० आणि २०. मुलाच्या त्या जेवणाला मोठ्या माणसाच्या भाकरी-भाजी इतके वजन दिले की हिशेब वर सरकतो. महाराष्ट्रातल्या आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार मिळतो. तोही या फायलीत फक्त ‘एक फुकट जेवण’ म्हणून उमटतो, त्यात अंडे होते की नाही हे कळत नाही. योजनेच्या यशाचे मूल्यमापन या डेटावर करू पाहणाऱ्यांनी इथेच थांबावे.

इतक्या मर्यादा असूनही सरकारी तक्ते उपयोगाचे आहेत. जुलै २०२५ मध्ये आलेल्या पोषणविषयक अहवालात २०२३-२४ साठी दरडोई रोजची ऊर्जा ग्रामीण २,२१२ आणि शहरी २,२४० किलोकॅलरी आहे, प्रथिने ६१.८ आणि ६३.४ ग्रॅम, स्निग्ध ६०.४ आणि ६९.८ ग्रॅम. प्रथिनांचा आकडा पाहून ‘देशाला प्रथिने पुरतात’ असे मथळे देण्याचा मोह होतो, कारण भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीत ६५ किलोच्या पुरुषासाठी ५४ ग्रॅम म्हटले आहे. पण ग्रामीण भागात या प्रथिनांचा ४६ ते ४७ टक्के भाग धान्यातून येतो आणि धान्यात लायसीन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सरासरी गरजेपेक्षा जास्त असली म्हणून सगळ्यांची गरज भागली असे होत नाही. किती जण कमी पडतात हे काढायला शिफारस केलेले प्रमाण वापरायचे नसते (ते जवळपास सगळ्यांची गरज भागावी म्हणून चढे ठेवलेले असते), सरासरी गरज वापरायची असते. प्रथिनांसाठी ती दर किलो वजनामागे ०.६६ ग्रॅम आहे, शिफारस ०.८३. लोहासाठी स्त्रियांची सरासरी गरज १५ मिलिग्रॅम आणि शिफारस २९. दोन्हींमधला हा फरक लक्षात न घेता ‘इतके टक्के महिलांना लोह अपुरे’ म्हणणारा अहवाल जवळपास सगळ्यांनाच अपुऱ्यांत टाकतो. शिवाय मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांत लोहाची गरज एका बाजूला कलंडलेली असते. तिथे सरासरी गरजेवर रेघ मारून मोजणे चालत नाही, सेवनाच्या प्रत्येक पातळीला गरज न भागण्याची शक्यता किती हे धरणारी शक्यतेची पद्धत लागते.

फोर्टिफाइड, म्हणजे लोहासारखे पोषक घटक मिसळलेल्या, तांदळाच्या प्रश्नावर मात्र हा डेटा खरोखर शोभून दिसतो. मानकाप्रमाणे दर किलो तांदळात लोह २८ ते ४२.५ मिलिग्रॅम असायला हवे. माणशी महिन्याला ५ किलो रेशन, सगळा तांदूळ आणि सगळा खाल्ला, तर रोजचे १६७ ग्रॅम होतात, म्हणजे वाढीव लोह ४.७ ते ७.१ मिलिग्रॅम. पण ज्या घराला ३ किलो तांदूळ आणि २ किलो गहू मिळतो तिथे तेच २.८ ते ४.२५ वर येते. अंत्योदय कार्डावर घरामागे ३५ किलो आहेत, मग माणसे दोन असोत की सात. दोघांच्या घरात माणशी साडेसतरा किलो होतात. ते खाणार नाहीत, उरलेले नातलगांत वाटले जाईल किंवा विकले जाईल. कागदावरचा कोटा आणि पोटात गेलेला तांदूळ यांतले हे अंतर रेशनच्या तांदळाची स्वतंत्र ओळ असल्यामुळेच मोजता येते. मराठवाड्यात रेशनचा तांदूळ किती शिजतो आणि भाकरीसाठी ज्वारी किती विकत घेतली जाते हे याच फाइलीत शेजारी-शेजारी आहे. लोहाचे वाहन तांदूळ असावे की पीठ, यावरच्या वादात दोन्ही बाजूंनी आधी हा तक्ता काढावा. एक सावधगिरी : रेशनचा सगळा तांदूळ फोर्टिफाइड करण्याचे काम मार्च २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने झाले. त्यामुळे २०२२-२३ च्या फेरीतल्या रेशनच्या ओळीला सरसकट फोर्टिफाइड धरू नये.

जिल्हा पातळीवर काम करणाऱ्यांची मात्र निराशा होईल. देशात साडेसातशेच्या आसपास जिल्हे आहेत. कुटुंबांना त्यांनी भागले की एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी साडेतीनशे घरे येतात, तीही एका गावातून किंवा वॉर्डातून १८ अशा गठ्ठ्यांनी. एका गावातली घरे एकमेकांसारखीच खातात, त्यामुळे साडेतीनशे घरांचे बळ प्रत्यक्षात बरेच कमी पडते. गडचिरोली किंवा नंदुरबारसाठी धान्याचा ढोबळ आकडा काढता येईल, अंड्यांचा किंवा फळांचा नाही. दोन्ही फेऱ्या एकत्र केल्या तर जरा बरे. जुन्या फेऱ्यांशी तुलना करताना तर हात आणखी आखडता घ्यावा. २०११-१२ नंतर २०१७-१८ ची फेरी झाली, पण गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने तिचे निकाल दिलेच नाहीत. २०२२-२३ मध्ये भेटींची पद्धत बदलली. दहा वर्षांत अमुक वाढले असे म्हणताना त्यातले किती पद्धतीमुळे वाढले हे सांगता येत नाही.

आणि आता मुख्य उणीव. पाच जणांच्या घरात महिन्याला ३ किलो तूरडाळ लागते असे समजा. एचसीईएस सांगेल, माणशी रोज २० ग्रॅम. ताट मोजणारा वेगळ्या वाटेने जातो : आज २०० ग्रॅम डाळ घेतली, शिजून वरण १,२०० मिलिलिटर झाले, सुनेने शेवटी बसून अर्ध्या वाटीचे ७५ मिलिलिटर घेतले. म्हणजे साडेबारा ग्रॅम डाळ, पावणेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने. वय-लिंगानुसार गरजेच्या प्रमाणात वाटणी करणारे कन्झम्प्शन युनिट वापरले तरी ही सून सापडत नाही, कारण ते सूत्र घरात गरजेप्रमाणे वाटणी होते हेच गृहीत धरते. जे शोधायचे तेच आधी मान्य केलेले.

ताटे मोजणारी यंत्रणा या देशाकडे होती. राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो १९७२ मध्ये सुरू झाला. ठरावीक मापांच्या वाट्या-पेल्यांचा संच घेऊन मागच्या २४ तासांत कोणी किती खाल्ले हे माणसागणिक विचारत असे, महाराष्ट्रही त्यात होता. २०१५ मध्ये तो बंद केला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण पदार्थ किती वेळा खाता एवढेच विचारते, किती प्रमाणात ते नाही. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने मुलांचे रक्त तपासले, पण ते मुले आणि किशोरवयीनांपुरते होते. राष्ट्रीय पोषण संस्थेने हाती घेतलेले आहार व बायोमार्कर (म्हणजे रक्तासारख्या नमुन्यांतली पोषणाची मोजमापे) सर्वेक्षण ही पोकळी भरण्यासाठीच आहे. त्याचा घरनिहाय डेटा एचसीईएसइतकाच मोकळेपणाने उपलब्ध झाला पाहिजे. नुसता अहवाल आणि राज्यांचे रंगीत नकाशे पुरणार नाहीत.

तोवर एचसीईएसमध्येच स्वस्तात होण्याजोग्या सुधारणा आहेत. पालेभाज्यांच्या दोन-तीन आणि मासळीच्या तीन ओळी कराव्यात : तेलकट, इतर, सुकी.  प्रत्येक घरातल्या १५ ते ४९ वयाच्या एका स्त्रीला काल दहापैकी कोणते अन्नगट खाल्ले एवढे विचारावे. पाच किंवा अधिक गट आले की आहारातील किमान विविधता पुरी झाली असे धरतात. याला काही मिनिटे लागतात आणि वाट्या न्याव्या लागत नाहीत. खर्चिक पण खरा उपाय म्हणजे त्याच गावांतल्या काही घरांत २४ तासांची आठवण दोनदा, लागून नसलेल्या दिवशी घेणे. त्यात उपवासाचे दिवस वगळू नयेत. सोमवार, चतुर्थी, एकादशी धरणाऱ्या बाईच्या महिन्यात साबुदाणा-भगरीचे दिवस कमी नसतात, आणि ‘नेहमीचा दिवस नाही’ म्हणून ते गाळले की तिचा नेहमीचा आहारच गाळला जातो.

कोणी घ्यावा : रेशन, तेल, डाळ, फोर्टिफिकेशन यांवर राज्य पातळीवर काम करणाऱ्यांनी बिनधास्त. पाचपैकी चार. कोणी टाळावा : गरोदर माता, दोन वर्षांखालील मुले, लोहाव्यतिरिक्तची सूक्ष्म पोषणद्रव्ये किंवा एका तालुक्याचा आराखडा ज्यांच्यापुढे आहे त्यांनी. त्यांच्यासाठी दीड. लोहासाठीही फक्त रेशनच्या तांदळापुरता.